उन्हाळ्यातलं लँडिंग : वेग कमी करू नका

या चर्चेत वर एका सदस्यानं सुचवलंय की गोंदियाच्या बिरसी विमानतळासारख्या ठिकाणी मे महिन्यात विमान धावपट्टीवर तरंगत राहतं, म्हणून अप्रोचचा (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा) वेग थोडा कमी धरावा. कृपया असं करू नका!

बिरसी समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की तिथली विरळ हवा विमानाला जवळपास ५,००० फुटांवरच्या हवेसारखी वाटते. सेसना १७२ या छोट्या विमानात वेगाचा काटा ६५ नॉट दाखवत असला तरी खरा वेग ७० च्या आसपास असतो. त्यामुळे जमीन वेगानं मागे पळताना दिसते आणि हात आपोआप थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे ओढतो. धोका इथेच आहे. स्टॉल (वेग फार घटून पंखांची उचल तुटणं) काट्यावरच्या त्याच आकड्याला होतो, उन्हाळा असो की हिवाळा. तेव्हा काट्यावर विश्वास ठेवा आणि धावपट्टी जास्त लागेल हे आधीच धरून चला.

दुसरं म्हणजे उचक्या. कापणीनंतरच्या भाताच्या कोरड्या बांध्यांवरून विमान वर ढकललं जातं, तलावावर आलं की खाली बसतं. प्रत्येक धक्क्यामागे नाक हलवत बसू नका. सरासरी वेग आणि उतार सांभाळा. फ्लेअर करताना (टेकण्याआधी नाक हलकेच वर उचलताना) नजर धावपट्टीच्या टोकाकडे.

गो-अराउंडचा (उतरणं सोडून पुन्हा वर चढण्याचा) निर्णयही लवकर घ्या, कारण अशा हवेत इंजिनाची ताकद घटते आणि चढण फार मंद होते. नवख्यांनी सर्किटचा (धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा) सराव सकाळी नऊच्या आत उरकावा, असं माझं ठाम मत आहे.