सरांच्या स्मरणसभेत त्यांच्या सर्फिंगबद्दल बोलावं का?

महालची_माजी_विद्यार्थिनी

नमस्कार मंडळी. आमचे विज्ञानाचे सर फेब्रुवारीत गेले. नागपुरात महालातल्या आमच्या शाळेत ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी घरी गाणं. येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये स्मरणसभा आहे. विद्यार्थ्यांतर्फे दहा मिनिटं मी बोलायचं ठरलंय.

त्यांच्या शिकवण्यावर आणि गाण्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. अडलंय ते सर्फिंगपाशी, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्यापाशी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सर तमिळनाडू एक्सप्रेस पकडून चेन्नईला जायचे. तिथून 40 किलोमीटर दक्षिणेला कोवळम म्हणून मच्छीमारांचं गाव आहे (केरळातलं वेगळं). तिथे खोली घेऊन राहायचे. पंचेचाळिशी उलटल्यावर शिकले, तेही मच्छीमारांच्या पोरांकडून, आणि त्या पोरांना ते मनापासून गुरुजी म्हणायचे. त्यांच्यातल्याच एकाने दिलेला मोडक्या बोर्डाचा अर्धा तुकडा सरांच्या खोलीत तंबोऱ्याशेजारी उभा असायचा.

घरच्या एका वडीलधाऱ्यांनी मला फोन करून सांगितलं, "ते पाण्यातलं राहू दे. सभेला म्हातारी माणसं येतील, त्यांना ते थिल्लर वाटेल." त्यांचा मान ठेवायचा आहे. पण सर्फिंग वगळून मी ज्यांच्याबद्दल बोलेन, ते सर माझ्या ओळखीचे नसतील. नववीत ध्वनीचा धडा सुरू असताना त्यांनी फळ्यावर लाट काढली आणि म्हणाले, "पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. मी त्या ऊर्जेवर उभा राहिलोय." समुद्र न पाहिलेला साठ पोरांचा वर्ग होता तो. काय करू?

तर्री_पोहे

बोल ना बाई, काहून थांबते? सरांनी कधी लपवलं का? मे महिन्यात त्यांच्या घरी गेलो होतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि त्या तुकड्यावरचं वॅक्स वितळून खाली ओघळून राहिलं होतं. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला ते घासतात, हे तेव्हा कळलं. मी पुसायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, कोवळमचा वास आहे त्याला." मला गणित येत नव्हतं, गाणं येत नव्हतं, तरी सर मला तासभर बसवून लाटा समजावून सांगत. थिल्लर माणूस असं करते का?

खर्ज

मी सरांकडे नऊ वर्षं गाणं शिकलो. माझं मत, बोलाच, पण सुरुवात तंबोऱ्यापासून करा.

मारवा राग शिकवताना ते तंबोऱ्याची पहिली तार निषादाला (नी) लावायचे, कारण मारव्यात पंचम (प) नाही. मग एकाच सुरात लावलेल्या मधल्या जोडीतली एक तार मुद्दाम केसभर उतरवायचे आणि दोन्ही एकदम छेडायचे. आवाज वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. पुस्तकात त्याला विस्पंद म्हणतात. एक तार सेकंदाला 220 कंपनं करत असेल आणि दुसरी 222, तर सेकंदाला दोनदा आवाज फुगतो. तारेत ओवलेले मणी सरकवत तारा जुळवत आणल्या की हे फुगणं मंद होत जातं आणि शेवटी थांबतं. सर म्हणायचे, "आता समुद्र शांत झाला."

हे ते उगाच म्हणत नसत. दूरच्या वादळातून येणाऱ्या लाटांत जवळजवळ सारख्या कालावधीच्या अनेक लाटा मिसळलेल्या असतात. त्या एकमेकींत मिळतात तिथे मोठ्या होतात, विरुद्ध पडतात तिथे विरतात. म्हणून किनाऱ्यावर मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मध्ये उसंत मिळते. सर्फर त्या घोळक्याला सेट म्हणतात. तंबोऱ्यात सेकंदात घडतं ते समुद्रात काही मिनिटांत घडतं, गणित तेच. 14 सेकंदांच्या अंतराने येणारी लाट खोल पाण्यात ताशी सुमारे 80 किलोमीटरने धावते आणि घोळका तिच्या निम्म्या वेगाने. हे सरांनी मला बंदिशीच्या वहीच्या मागच्या पानावर सोडवून दाखवलं होतं. ती वही माझ्याकडे आहे, रविवारी आणतो.

वडीलधाऱ्यांना तारांचा हा खेळ ऐकवा, मग समुद्राकडे न्या. कुणाला परकं वाटणार नाही.

स्टाफरूम

मी त्यांचा सहकारी. एका सुट्टीत त्यांच्याबरोबर कोवळमला गेलो होतो. मला पोहता येत नाही, मी वाळूवर बसून असायचो. सर पहाटेच निघत. तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, लाटेचा उतार गुळगुळीत राहतो. ऊन चढलं, समुद्राकडचा वारा सुटला की पाणी विस्कटतं आणि ते परत येत.

एक गोष्ट जरूर सांगा. सेटमधली पहिली लाट ते कधी घेत नसत. शेजारच्या पोराला हाताने खूण करून पुढे जाऊ देत. शाळेतही त्यांचं हेच होतं. प्रश्न विचारला की मागच्या बाकाकडे बघत थांबायचे, आणि त्या शांततेची त्यांना कधी घाई नसे.

गायक वसंतराव देशपांड्यांचं गाणं हा त्यांचा प्राण. वसंतराव नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, हे ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगत. सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहात दर वर्षीच्या स्मृती समारोहाला मागच्या रांगेत बसत. हेही घ्या, म्हणजे दहा मिनिटं पुरतील.

महालची_माजी_विद्यार्थिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन करणाऱ्या काकांशी आज बोलले. तंबोऱ्याचं सांगितल्यावर ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "तो तुकडाही घेऊन ये." काकूंनी तो कापडात गुंडाळून ठेवलाय.

खर्ज, तुम्ही तंबोरा घेऊन साडेचारला याल का? सभा साडेपाचला आहे. हॉलमध्ये डेझर्ट कूलर आहेत, त्या दमट हवेत तारांचा सूर हलेल आणि घरघरीत विस्पंद ऐकूही येणार नाहीत. शिपाईदादांना सांगून ती पाच मिनिटं कूलर बंद ठेवते. तर्री_पोहे, माइक तू धर. तंबोऱ्याच्या घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) जवळ, पण तारेला लागू देऊ नकोस.