रविवारचा बागकाम वर्ग: माणसं टिकत नाहीत, काय बदलू?

कुंडीतला_मोगरा
आमच्या वसाहतीत दर रविवारी सकाळी मी बागकामाचा मोफत वर्ग घेते. पहिल्या दिवशी एकतीस जण आले. मातीचे प्रकार, सामू (माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते), नत्र-स्फुरद-पालाश ही झाडाची अन्नद्रव्यं, सगळं तक्ते करून समजावलं. चौथ्या रविवारी नऊ जण उरले. त्यातल्या एका काकूंनी वर्ग संपल्यावर हळूच विचारलं, "माझ्या जास्वंदीवर पांढरं काय आलंय गं?" चार आठवडे मी बोलत होते आणि त्यांना हवं होतं ते एवढंच. फार लागलं मनाला. वर्ग बंद करायचा नाहीये. ज्यांनी असे वर्ग घेतलेत किंवा केलेत, त्यांनी कृपया सांगा.

खुरपं_हाती
ताई, काकूंच्या प्रश्नापासूनच पुढचा वर्ग सुरू करा. मी अकरा वर्षं हेच करतोय. प्रत्येकाने घरची एक आजारी फांदी आणायची, तीही बंद पिशवीत, नाहीतर एकाची कीड सगळ्यांच्या घरी जाते. टेबलावर भिंग ठेवा आणि पान उलटं करून त्यांनाच बघू द्या. उत्तर आपण लगेच सांगायचं नाही, हे मला फार उशिरा जमलं.

बरीच दुखणी शेवटी पाण्यावर येतात. तहानलेलं झाड मान टाकतं आणि पाणी जास्त झालेलंही मान टाकतं, कारण चिखलात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात आणि पाणी ओढू शकत नाहीत. माणूस कोमेजलेलं झाड बघून आणखी झारीभर पाणी घालतो. म्हणून आधी दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायची सवय लावा.

मातीसाठी तक्त्याऐवजी बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर साबणाची पूड. जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयट्याला, म्हणजे वाळूहून बारीक गाळाला, काही तास लागतात, चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसतं. स्वतःच्या अंगणातली माती अशी थरांत बघितलेला माणूस ती विसरत नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७२ साली सुरू झालेला 'मास्टर गार्डनर' उपक्रमही लोकांच्या प्रश्नांतूनच उभा राहिला. घरगुती बागांबद्दल विचारणारे इतके वाढले की विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने स्वयंसेवक तयार केले. शिकायचं आणि बदल्यात ठरावीक तास इतरांच्या शंकांना द्यायचे. तुमचे नऊ जण तसे तयार होऊ शकतात.

पालापाचोळा
मी अशाच वर्गात शिकले. फांदी खोडालगत सपाट कापू नये हे तीनदा ऐकलं होतं, तरी घरी तसंच कापायचे. मग बाईंनी माझा हात धरून फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड चाचपायला लावली. ती राखून कापलं की झाड जखम स्वतःच झाकून घेतं, वर रंग फासावा लागत नाही. ते बोटांना कळलं तेव्हाच डोक्यात गेलं.

पण तक्ते टाकून देऊ नका हं. माझ्या खताच्या ढिगाला घाण वास यायला लागला, तेव्हा ओल्या हिरव्या कचऱ्यात सुका पाला का मिसळायचा, हे मीच उत्सुकतेने वाचलं. आधी अडचण, मग तक्ता.

कुंडीतला_मोगरा
काकूंना फांदी आणायला सांगितलंय. कापसासारखे पुंजके आहेत म्हणाल्या, म्हणजे पिठ्या ढेकूणच असावा, पण यावेळी मी आधी बोलणार नाही. नऊ बरण्याही जमवल्यात. भिंग किती पटीचं घेऊ?

खुरपं_हाती
दहा पट पुरे. दोन घ्या, एकासाठी रांग लागते.