इलेक्ट्रिक विझर्ड : २००३ मध्ये संपलेला बँड?

खर्जप्रेमी
इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यातल्या विम्बोर्न गावी १९९३ साली जस ओबॉर्नने सुरू केलेला डूम मेटल (अतिशय संथ, जड रॉक) बँड इलेक्ट्रिक विझर्ड अजूनही वाजवतो आहे. परंतु माझ्या मते तो बँड २००३ मध्येच संपला. ओबॉर्नची गिटार, टिम बॅगशॉचा बेस आणि मार्क ग्रीनिंगचे ड्रम्स यांनी 'कम माय फॅनॅटिक्स' (१९९७) आणि 'डोपथ्रोन' (२०००) या अल्बमांत जो आवाज उभा केला, त्यात गिटार आणि बेस वेगळे काढताच येत नाहीत. तारा इतक्या सैल सोडलेल्या आणि फझ (गिटारच्या आवाजाला आणलेली खरखर) इतका दाट, की रिफ (पुन:पुन्हा वाजणारी छोटी सुरावट) चिखलासारखी अंगावर चढत जाते आणि गाणाऱ्याचा आवाज त्याखाली गाडला जातो. २००३ मध्ये बॅगशॉ आणि ग्रीनिंग बाहेर पडले, त्यांनी रॅमेसेस हा बँड काढला आणि तो चिखल त्यांच्याबरोबर गेला. नंतरचे अल्बम नीटनेटके आहेत, आणि नीटनेटका डूम मला ऐकवत नाही.

टेपवाला
आपण ज्याला नीटनेटकेपणा म्हणता, तो माझ्या दृष्टीने जाणीवपूर्वक केलेला कालप्रवास आहे. 'विचकल्ट टुडे' (२००७) लंडनच्या टो रॅग स्टुडिओत लियम वॉटसनच्या देखरेखीखाली जुन्या अॅनालॉग यंत्रांवर ध्वनिमुद्रित झाला. त्यामुळे त्यात सत्तरच्या दशकातील भयपटांच्या ध्वनिपट्टीसारखी एक धूसर ऊब आली आहे आणि ओबॉर्नचे गायन प्रथमच चाल म्हणून लक्षात राहते. गिटारवादक लिझ बकिंगहॅम आल्यावर बँडला दुसरी गिटार मिळाली, ही गोष्टही आपण वगळलीत. 'डोपथ्रोन' सुन्न करतो हे मान्य, पण सायकेडेलिक या शब्दाला साजेशी भूल मला 'विचकल्ट'मध्येच पडते. शिवाय जुन्या त्रिकुटाचा शेवटचा अल्बम 'लेट अस प्रे' (२००२) तरी कुठे एकसंध होता?

मंद्र
थोडे अवांतर. हे संगीत मला विलंबित ख्यालासारखे वाटते. लय मंदावली की प्रत्येक स्वराचे वजन वाढते.

टेपवाला
मंद्र, ही तुलना आकर्षक असली तरी पटत नाही. विलंबितात बढत असते, राग पायरीपायरीने उलगडत जातो. इथे रिफ जागची हलत नाही, आणि तिचे न हलणे हाच परिणाम आहे. हे मूळ बर्मिंगहॅमचे आहे : कारखान्यातील अपघातात बोटांची टोके गमावलेल्या टोनी आयोमीने बोटांना सोसावे म्हणून तारा सैल केल्या आणि त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा सूर खाली उतरला. ओबॉर्नने तोच उतार आणखी पुढे नेला.

सातवी तार
मूळ मुद्द्याबद्दल एक अडचण दिसते. ग्रीनिंग २०१२ मध्ये परतला होता आणि 'टाइम टू डाय' (२०१४) या अल्बमवर ड्रम्स त्याचेच आहेत. खर्जप्रेमींचा सिद्धान्त खरा असेल, तर तो अल्बम त्यांना आवडायला हवा.

खर्जप्रेमी
प्रश्न रास्त असल्याने तो अल्बम काल पुन्हा ऐकला. ग्रीनिंगचा हात परतल्यावर वजन बऱ्याच अंशी परत आले, हे मान्य करतो. ठोका किंचित मागे रेंगाळत पडतो आणि त्या रेंगाळण्यातच रिफ फुगते. हे नंतरच्या कोणत्याही ड्रमरला इतके साधले नाही. तरीही तळ रिकामा वाटतो, कारण तिथे बॅगशॉ नाही. तेव्हा माझे विधान दुरुस्त करतो : २००३ मध्ये बँड संपला नाही, त्याचा बेस संपला.

टेपवाला
एवढे असेल तर आपल्यातला वाद बराच लहान झाला. 'विचकल्ट' मात्र मी सोडणार नाही. २०१७ च्या 'विझर्ड ब्लडी विझर्ड'चा बचाव करायला मला सांगू नका. त्यात ब्लूज आहे, पण धूर नाही.