डीप फ्रीझर: तळाशी गेलेलं सापडावं म्हणून

तळाशी गेलेली पिशवी वर्षभर हाती लागत नाही, ही डीप फ्रीझरबद्दलची नेहमीची तक्रार अगदी खरी. म्हणून पिशव्या एकावर एक रचूच नका. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडा करून ताटात पसरून गोठवा. दाणा न् दाणा सुटा राहतो. मग पिशवीत भरून, हवा काढून, चपटी करून फाइलीसारखी उभी लावा, तारीख वरच्या कडेला. थंडीत पंचवटीच्या मार्केट यार्डातून पोतंभर आणलात, तरी थोडा थोडाच टाका, सावकाश गोठलेला दाणा पिचपिचीत होतो. द्राक्षंही अशीच ताटात पसरून गोठवा, देठ काढून, पण उकळत्या पाण्यात न घालता. आणि वीज गेली की झाकण उघडूच नका! भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला २४.