यंत्रमागांच्या शेजारी भजनाचे ध्वनिमुद्रण : माइक बदलावा की खोली सुधारावी?

प्रश्न : पूर्वभागवासी

सर्वांना नमस्कार. माझे घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून थोडे आत आहे. वडील गेली अनेक वर्षे भजनी मंडळात गातात आणि आता त्यांचे वय पाहता त्यांचे पंधरा-वीस अभंग नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावेत, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. त्यासाठी वरच्या मजल्यावरची एक खोली मोकळी केली. खोली १० फूट लांब, १० फूट रुंद आणि जवळपास तेवढीच उंच आहे. भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब आणि खाली शहाबादी फरशी. साहित्य म्हणजे दोन माइक जोडता येणारा स्कार्लेट टू-आय-टू इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये पोहोचवणारी पेटी), एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक, लॅपटॉप आणि त्यावर रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर.

भिंतींचा त्रास नको म्हणून वडिलांना खोलीच्या बरोबर मध्यभागी बसवतो आणि पेटीही यावी म्हणून माइक दोन फुटांवर ठेवतो. तरीही आवाज मोकळ्या हंड्यात गायल्यासारखा येतो. त्यातही एक गोष्ट मला उलगडत नाही. वडिलांची पट्टी काळी एक आहे. ते मंद्र सप्तकात कोमल धैवतापाशी आले की तेवढा एकच स्वर फुगतो, मागचे-पुढचे स्वर मात्र ठीक असतात. शिवाय दोन घरे सोडून यंत्रमागांचा कारखाना आहे, त्याची खटखट प्रत्येक ओळीखाली ऐकू येते. टाळांचे तर बोलायलाच नको. ते वाजू लागले की शब्द हरवतात.

ज्या दुकानातून साहित्य घेतले त्यांनी आधी फोम लावायला सांगितले. एक इंच जाडीचे चोवीस तुकडे भिंतींना चिकटवले, तेव्हा आवाज मंद झाला, पण धैवत तसाच फुगत राहिला. आता ते दुप्पट किमतीचा माइक सुचवत आहेत. तो घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर : जुळे सोलापूर

माइक घेऊ नका. आपल्या तीन तक्रारींपैकी एकीचेही मूळ माइकमध्ये नाही. उलट अधिक संवेदनशील माइक आणलात तर यंत्रमागही अधिक स्पष्ट ऐकू येतील.

प्रथम त्या धैवताविषयी. १० फूट म्हणजे साधारण ३.०५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने येरझारा घालतो, तेव्हा या अंतरात पहिला अनुनाद, म्हणजे ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते तो, ५६ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा त्याच्या दुपटीला, म्हणजे ११२ हर्ट्झच्या आसपास पडतो. काळी एक हा षड्ज धरला तर मंद्र सप्तकातला कोमल धैवत ११० हर्ट्झवर येतो. म्हणजे वडील तो स्वर लावतात तेव्हा खोलीही त्यांच्यासोबत गाते. खोली चौरस असल्यामुळे दोन्ही जोड्यांच्या भिंती एकाच स्वराला साथ देतात आणि उंचीही तेवढीच असल्यामुळे स्लॅब व फरशी त्यात भर घालतात. घनाकार खोली ध्वनिमुद्रणाला सर्वांत वाईट समजतात, ती यामुळेच.

दुर्दैवाने आपण बसण्याची जागा नेमकी चुकीची निवडली आहे, आणि तसा विचार करणे अगदी स्वाभाविक होते. या दुसऱ्या अनुनादाचा दाब भिंतींपाशी जसा सर्वाधिक असतो, तसाच खोलीच्या मध्यभागीही असतो. गायक आणि माइक यांना लगतच्या दोन भिंतींपासून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे सुमारे साडेतीन फुटांवर आणलेत तर तिथे तो दाब मध्यभागाच्या निम्मा भरतो. याला एक पैसाही लागत नाही, म्हणून आधी एवढेच करून पाहा.

फोमने आवाज मंद का झाला, तेही सांगतो. एक इंच फोम फक्त वरच्या पट्ट्यातला ध्वनी शोषतो. ज्या ध्वनीची तरंगलांबी तीन मीटर आहे, त्याला तो जाणवतही नाही. परिणामी शब्दांची धार गेली आणि घुमणे जागेवर राहिले. त्यातले निम्मे तुकडे काढून टाकावेत असे माझे मत आहे. खालच्या स्वरांसाठी कोपऱ्यांत जाड आणि सच्छिद्र वस्तू लागते. रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) चार इंची फलक कापडात गुंडाळून कोपऱ्यांत तिरके उभे करतात, ते त्यासाठीच. आपल्याकडे मात्र त्याहून सोपी सोय आहे. ओळखीच्या कारखानदाराकडून टॉवेलचे गठ्ठे काही दिवसांसाठी मागून घ्या आणि चारही कोपऱ्यांत जमिनीपासून जितके उंच रचता येतील तितके रचा. करकचून दोरीने आवळलेले गठ्ठे नकोत, कारण त्यांच्यात हवा खेळली पाहिजे. सोलापुरात राहून शोषक साहित्य ऑनलाइन मागवणे मला तरी पटत नाही.

यंत्रमागांचा प्रश्न वेगळा आहे आणि इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. चादरी, फोम, गठ्ठे हे सर्व खोलीतला प्रतिध्वनी कमी करतात. बाहेरचा आवाज आत येण्यापासून रोखत नाहीत. त्यासाठी वजनदार भिंत आणि हवाबंद दारे-खिडक्या लागतात, आणि ते घरगुती खर्चात बसणारे नाही. त्याऐवजी माइक जवळ घ्या. दोन फुटांवरचा माइक सहा इंचांवर आणला की गायकाचा आवाज सुमारे १२ डेसिबेलने वाढतो आणि यंत्रमाग आहे तिथेच राहतो. माइकची पाठ कारखान्याकडच्या खिडकीकडे करा, कारण कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारा, माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो. फरशीतून येणारी धडधड अडवण्यासाठी माइकच्या स्टँडखाली चार पदरी घडी घातलेली गोधडी ठेवा. इतक्या जवळून आवाजाचा खर्ज वाढेल, पण रीपरमध्ये ८० हर्ट्झखालचा भाग कापून त्याच्या वरचा खर्जही थोडा उतरवला की तो आटोक्यात येतो.

उत्तर : पंढरीचा पखवाजी

वरचे विवेचन योग्य आहे, परंतु माइक बदलू नये या मताशी मी पूर्णतः सहमत नाही. महागडा घेऊ नये हे खरे. वेगळ्या जातीचा घ्यायला हरकत नाही. १९६६ पासून मंचावर असलेला शुअर एसएम ५८ हा डायनॅमिक माइक अशा खोलीसाठी कंडेन्सरपेक्षा सोयीचा ठरतो. तो तोंडाजवळ धरून गाण्यासाठीच घडवलेला आहे, त्यामुळे दूरचा आवाज त्यात कमी शिरतो आणि टाळांची किणकिण कंडेन्सरसारखी टोचत नाही. वडिलांसमोर हा ठेवा आणि आपला कंडेन्सर पेटीला द्या. दोन इनपुट आहेतच. मात्र पेटीचा माइक वडिलांच्या तोंडापासून, त्यांच्या स्वतःच्या माइकच्या अंतराच्या निदान तिप्पट दूर असावा. नाहीतर एकच आवाज दोन्हींत थोड्या अंतराने पोहोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ वाटतो. पेटीच्या भात्याकडे माइकचे तोंड करू नका, हवेचा फुसकारा येतो.

पखवाजाविषयी आपण काही लिहिले नाही, पण मंडळ म्हटले की तो असणारच. त्याच्या डाव्या पुडीवरची कणीक आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाहता पाहता सुकते आणि खालचा सूर चढतो. पहिला अभंग आणि चौथा अभंग यांत धूम वेगळी ऐकू आली तर दोष माइकला देऊ नये. दोन अभंगांमध्ये कणकेला पाण्याचा हात लावावा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. प्रत्येकाचे वादन वेगळे मुद्रित करून नंतर जोडण्याच्या फंदात पडू नका. मेट्रोनोमवर, म्हणजे एकाच लयीत ठोके देणाऱ्या यंत्रावर, भजन बसत नाही. गजराकडे जाताना लय आपोआप वाढते आणि ती सर्वांनी एकमेकांकडे पाहूनच वाढते. टाळकऱ्यांना माइकच्या पाठीमागे, खोलीच्या दाराबाहेर उभे करा, म्हणजे सोबतही राहते आणि शब्दही वाचतात.

उत्तर : लाइटवाला

मी विजेची कामे करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याला अर्थिंग मिळत नाही आणि मुद्रणात ५० हर्ट्झची व तिच्या पटींची गुणगुण शिरू शकते. मुद्रण करताना चार्जर काढून टाका; तुमचा इंटरफेस यूएसबीवरच चालतो, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी पुरते. यातून दुसराही लाभ आहे. गल्लीतली वीज जाते तेव्हा यंत्रमागही थांबतात आणि पंखाही थांबतो. ज्या वेळेला आपण सगळे शिव्या देतो, ती तुमच्यासाठी शहरातली सर्वांत शांत वेळ आहे. बॅटरी भरलेली आणि माइक जोडलेला ठेवा. घरचा इन्व्हर्टर मात्र त्या वेळी बंद करा. जुन्या चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे जी घरघर करतात, ती माइकला चांगली ऐकू येते.

पूर्वभागवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागच्या आठवड्यात चुलतभावाच्या कारखान्यातून टॉवेलचे बारा गठ्ठे आणले, निम्मा फोम काढला आणि वडिलांची बैठक साडेतीन फुटांवर हलवली. बैठक हलवल्याचा फरक गठ्ठ्यांपेक्षाही आधी जाणवला. धैवत अजून किंचित वर येतो, परंतु आता ज्याला माहीत आहे त्यालाच कळतो. ओळखीच्या मंडळाकडून एसएम ५८ उसना मिळाला. परवा सकाळी साडेसहाला वीज गेली तेव्हा शेजारच्या टाळकऱ्यांना हाक मारली आणि पाऊण तासात तीन अभंग झाले. पारव्यांचे घुमणे तेवढे आले आहे, ते राहू दिले.

दोन शंका आहेत. पातळी किती ठेवावी? गजराला दोन ठिकाणी आवाज फाटला. आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा सतत चालू असल्यामुळे उरलेली खरखर सॉफ्टवेअरने काढू गेलो, तर तंबोराच नाहीसा झाला.

उत्तर : जुळे सोलापूर

मुद्रण २४ बिटांवर ठेवा आणि गजराच्या सर्वांत मोठ्या क्षणी मापकाचा काटा उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहील, एवढाच गेन (इंटरफेसवरची माइकचा आवाज वाढवण्याची मात्रा) द्या. २४ बिटांत खाली भरपूर जागा असते, त्यामुळे कमी पातळीवर घेतलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला मात्र सांधता येत नाही. गजराची पातळी पाहण्यासाठी आधी गजरच म्हणून घ्यावा. बहुतेक जण पहिल्या चरणावर पातळी लावतात आणि तिथेच फसतात.

तंबोऱ्याचे असे झाले की खरखर काढणारे सॉफ्टवेअर आधी थोडा नमुना ऐकते आणि त्यात जे सतत चालू असेल, त्यालाच कचरा समजते. तंबोऱ्याइतके सतत दुसरे काय असणार! मुद्रण सुरू करून पाच सेकंद सर्वांनी स्तब्ध बसावे, तंबोरा त्यानंतर लावावा आणि नमुना त्या पाच सेकंदांतूनच द्यावा. त्यानंतरही सफाई अगदी हलक्या हाताने करा, कारण जास्त झाली की गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. झालेल्या तीन अभंगांच्या मूळ वेव्ह फाइलींना हात लावू नका. त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा आणि जी काही काटछाट करायची ती तिसऱ्या प्रतीवर करा. पारव्यांसकट.