मदत हवी आहे: आईच्या काखेतल्या गाठीची सुईने तपासणी

आम्ही चोपड्याकडचे. आईला डाव्या स्तनाचा कॅन्सर निघालाय. सोनोग्राफीत काखेतली एक गाठ जाडसर दिसली, म्हणून परवा जळगावला सोनोग्राफीवर बघत सुईने तुकडा काढणार आहेत. तेवढी जागाच बधिर करतात म्हणे. गाठीत कॅन्सर असेल तर बहुतेक आधी केमो. नसला तरी ऑपरेशनच्या वेळी सेंटिनल नोड (कॅन्सर पसरला तर सगळ्यात आधी जिथे पोचतो ती काखेतली गाठ) तपासतात, कारण बारीक प्रसार सुईतून निसटू शकतो. एवढं समजलं.

आई रक्त पातळ करायची गोळी घेते, ते सांगायचं राहिलं. स्वतःहून बंद करणार नाही, सकाळीच डॉक्टरांना फोन करते.

ज्यांनी ही तपासणी केलीय त्यांनी कृपया सांगा, नंतर हात किती दुखतो? एसटीने त्याच दिवशी परतता येतं का? केमोआधी गाठीत खुणेची क्लिप बसवली होती का? आईची वेणी सध्या मीच घालते, तिचा हात वर जात नाही.