प्रति: गच्चीवरचे रेडिओ सारखे का मरतात?
‘स्वस्त रेडिओ टिकत नाहीत, महागडेच घ्या’ असं वर गच्चीवरच्या वायरलेस इंटरनेटच्या रेडिओंबद्दल म्हटलंय. मला अर्धंच पटलं. आमचा होटगी रोडच्या गच्चीवरचा रेडिओ सारखा रीस्टार्ट व्हायचा. दोनदा बदलला, तेच! शेवटी पीओई अडॅप्टर (नेटवर्क केबलमधूनच रेडिओला वीज देणारा) उघडला तर कपॅसिटर टम्म फुगलेला. सोलापूरचा एप्रिल, बाहेर 42 अंश, पत्र्याच्या पेटीत तर हात घालवेना. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं, तिथं ब्रँड काय करणार? पेटी सावलीत हलवली. केबलही तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची निघाली. लांब ओढली की व्होल्टेज पडणारच. शुद्ध तांब्याची शील्डेड (आत धातूचं आवरण असलेली) टाकली, अर्थिंग केलं. वळवाच्या विजांत रेडिओचे केबल जोडायचे पोर्ट अजूनही जातात, म्हणून एक रेडिओ कॉन्फिगर करून कपाटात ठेवलेला असतो.